चंद्रावरची ठिणगी, डोळ्यांतली वीज

वाचकहो, दिवेलागणीच्या वेळी पश्चिमेला शुक्ल पक्षातील चतुर्थी-पंचमीची कोर आपण अनेकदा पाहिली असेल. निरखून पाहिल्यास त्या कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला गोलही राखेच्या रंगाचा, मंद असा दिसतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश चंद्राच्या रात्रीवर पडतो, म्हणून तो दिसतो. या अंधाऱ्या भागावर कधीमधी क्षणभर एक ठिणगी चमकून जाते. तिची हकिकत आज आपल्याला सांगायची आहे आणि तिच्यासोबत माझ्या उजव्या डोळ्याचीही. कारण या दोहोंची मी गल्लत केली आणि चार दिवस दुखणे अंगावर काढले.

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षे झाली. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे थोडे अडखळते. बुद्धी मात्र पूर्वीसारखीच तल्लख आहे. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांचा पलंग पश्चिमेच्या खिडकीपाशी आहे. नातू शिक्षणासाठी परगावी गेला तेव्हा आपली छोटी दुर्बीण आमच्या गॅलरीत ठेवून गेला आणि चंद्र पाहणे हा आमचा संध्याकाळचा विरंगुळा झाला. मी दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जे दिसेल ते त्यांना सांगायचे. दुपारी मी त्यांना चंद्राविषयीचे लेख वाचून दाखवीत असे. त्या ठिणग्यांची ओळख आम्हांला अशाच एका वाचनातून झाली.

पृथ्वीकडे येणारे लहानसहान खडे वातावरणात जळून जातात; त्यांनाच आपण उल्का म्हणतो. चंद्राला असे वातावरणाचे कवच नाही. तेथे खडा सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने थेट जमिनीवर आदळतो. त्या आघाताच्या प्रचंड उष्णतेने खडक वितळतो, त्याची वाफ होते आणि तो तप्त पदार्थ क्षणभर उजळतो. बहुतेक ठिणग्या सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्याही टिकत नाहीत. 17 मार्च 2013 रोजी मात्र सुमारे 40 किलो वजनाचा एक दगड ‘मारे इम्ब्रियम’ या विस्तीर्ण मैदानावर आदळला. त्याची चमक जवळजवळ एक सेकंद टिकली. त्या क्षणी चंद्राकडे पाहणाऱ्याला ती नुसत्या डोळ्यांनीही दिसली असती. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या जागी सुमारे 18 मीटर व्यासाचा नवा खड्डा टिपला.

एका संध्याकाळी दुर्बिणीला डोळा लावलेला असताना चंद्राच्या अंधाऱ्या कडेशी मला लख्खकन काहीतरी चमकलेले दिसले. “अहो, दिसली! मला ठिणगी दिसली!” मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच.

ते हसले आणि सावकाश म्हणाले, “दुसरी सही कोणाची?”

बँकेत मोठ्या रकमेच्या कागदावर दोन सह्या लागत. एका सहीवर पैसे हलत नसत. त्यांचा प्रश्न थट्टेचा होता, तरी खगोलशास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त होता. 15 नोव्हेंबर 1953 रोजी अमेरिकेतील तुलसा शहरात लिऑन स्टुअर्ट या डॉक्टरांनी आपल्या दुर्बिणीतून चंद्राचे छायाचित्र घेतले. त्यात एक तेजस्वी ठिपका उमटला होता. ते डॉक्टर आकाशनिरीक्षणाचे हौशी अभ्यासक होते. पण त्यांच्या निरीक्षणाला दुसरा साक्षीदार नव्हता. त्यामुळे तो ठिपका वादग्रस्तच राहिला. पुढे नोव्हेंबर 1999 मध्ये सिंह राशीतील उल्कावर्षावाच्या वेळी ब्रायन कडनिक यांनी टेक्ससमधून दुर्बिणीत एक चमक पाहिली आणि तीच चमक दूर मेरीलँडमध्ये डेव्हिड डनहॅम यांच्या चित्रफितीवरही नोंदली गेली. दोन सह्या जुळल्या आणि शंकेला जागा उरली नाही.

आजही हाच दंडक पाळला जातो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळले की तेथेही ठिपका उमटतो. तो चंद्रावरचा वाटतो, पण असतो कॅमेऱ्यातला. म्हणून ‘नासा’च्या निरीक्षकांनी एकाच वेळी दोन दुर्बिणी चंद्राकडे लावल्या. ग्रीसमधील क्रायोनेरी वेधशाळेत 1.2 मीटर व्यासाच्या दुर्बिणीला दोन कॅमेरे जोडले गेले. दोन्हींत दिसले, तरच ते खरे मानायचे.

माझी चमक कोणाच्याही नोंदीत असण्याची शक्यता नव्हती. तिसऱ्या रात्री दोन वाजता यजमानांना पाणी देण्यासाठी मी अंधारातच स्वयंपाकघरात गेले. मान वळवताच उजव्या बाजूला विजेसारखी रेघ चमकली. तेथे ना दुर्बीण होती ना चंद्र! डोळे मिटले, मान हलवली. पुन्हा तीच रेघ. कॅमेऱ्यातला ठिपका म्हणजे काय, ते मला त्या क्षणी उमगले.

वाचकहो, येथे मी जे केले ते आपण करू नये. मी गप्प राहिले. डॉक्टरांकडे जायचे तर अर्धा दिवस मोडणार. यांना जेवण कोण भरवील, कुशीवर कोण वळवील? शिवाय दुखत काहीच नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यापुढे काजळीचे कण उडावेत तसे काळे ठिपके तरंगू लागले. चहा देताना माझा हात थांबला आणि यांनी विचारले. मग सारे सांगितले. ते एवढेच म्हणाले, “आज जा. तुझे डोळे गेले तर माझेही जातील.”

शेजारच्या वहिनी त्यांच्यापाशी बसल्या आणि मुलगी मला घेऊन गेली. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून डॉक्टरांनी तपासले. वय वाढते तसा डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ आकसतो आणि मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटू लागतो. सुटताना तो पडद्याला ओढतो. पडद्याला वेदना कळत नाही. त्याला फक्त उजेडाची भाषा येते. म्हणून तो ओढला गेला की आपल्याला चमक दिसते. पुष्कळांच्या बाबतीत हे एवढ्यावरच निभावते. काहींच्या पडद्याला मात्र या ओढीने फाट पडते. माझ्या पडद्याला तशी छोटी फाट पडली होती. त्याच दिवशी लेझरने तिच्या भोवतीचा भाग पक्का केला आणि संध्याकाळी मी घरी परतले. आणखी उशीर झाला असता तर पडदा सुटून मोठी शस्त्रक्रिया करावी लागली असती आणि तरीही दृष्टी पूर्ण परत येईलच याची खात्री नसते.

म्हणून एवढे ध्यानात ठेवावे. डोळ्यापुढे नव्याने चमक दिसू लागली, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. एकेक डोळा झाकून पाहिल्यास त्रास कोणत्या डोळ्याला आहे ते समजते. पण एवढ्यावर निदान करू नये. मोठ्या क्रमांकाचा चष्मा असणाऱ्यांनी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि डोळ्याला मार लागलेल्यांनी अधिक सावध असावे. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्यावे. पहिल्या तपासणीत फाट आढळली नाही, तरी सांगितलेल्या दिवशी पुन्हा जावे. आणि घरातील आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी गरजेच्या वेळी दोन-चार तास येऊन बसेल असे एक माणूस आधीच ठरवून ठेवावे. आमच्या फ्रिजवर आता वहिनींचा फोन क्रमांक लावलेला आहे.

चंद्रावरची खरी ठिणगी मला अजून दिसलेली नाही. शुक्ल पक्ष आला की मी दुर्बीण लावते आणि यांचा पलंग खिडकीच्या आणखी जवळ सरकवते. काही चमकलेच, तर मी आधी त्यांना विचारते.