अडथळ्यांचीही नोंद हवी

दिव्यांगांच्या हक्कांचं काम शहरात करणं वेगळं आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीत करणं वेगळं. फरक केवळ अंतराचा नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा ज्ञानेंद्रियांची दीर्घकालीन कमतरता आणि भोवतालचे अडथळे, दोन्ही मिळून माणसाला समाजात बरोबरीने वावरू देत नाहीत, तेव्हा ते अपंगत्व, असं हा कायदा मानतो. प्रमाणपत्रावर मात्र टक्के लागतात ते फक्त कमतरतेचेच. सपाट फरशीवर कुबडी टेकत चालून दाखवणाऱ्याची टक्केवारी ४०च्या खाली गेली, की बहुतेक योजना त्याच्यापुरत्या संपतात. त्याचं गाव नाल्यापलीकडे आहे आणि नाल्यावर पूल नाही, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. ही सुटलेली बाजू शासनदरबारी लावून धरणं, हेच आमचं खरं काम.

अडथळ्यांची सुरुवात रस्त्यापासूनच होते. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की हा तालुका वर्षानुवर्षं जगापासून तुटत आलाय. प्रमाणपत्राच्या तपासणीला गडचिरोलीला जायचं तर सोबत एक माणूस लागतो. म्हणजे दोघांचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. तिथे पोचल्यावर आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. तज्ज्ञ डॉक्टर रजेवर असले तर ‘पुढच्या बुधवारी या’. हा ‘पुढचा बुधवार’ अनेकांच्या आयुष्यात उगवतच नाही. म्हणून तालुक्याला शिबिर घ्या, असा आग्रह आम्ही धरतो आणि शिबिर उरकल्यावरच आमची धावपळ सुरू होते. कोण आलं नाही, कुणाला परत बोलावलं, कुणाचा ऑनलाइन अर्ज नेटवर्कअभावी अर्धवट राहिला, याची गाववार यादी करून एकेका नावाचा पाठपुरावा करावा लागतो.

कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेल आजाराचा समावेश केला, ही आदिवासी भागासाठी फार मोठी गोष्ट आहे. १९९५च्या कायद्यात तो नव्हता. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकतात. दुखण्याने कळवळणारी मुलगी दुखणं ओसरलं की धडधाकट दिसते. तिचा त्रास कागदावर दाखवायचा कसा? एका घरी आईने पिशवीत जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या मी सारवलेल्या जमिनीवर मांडून बसले होते. उपकेंद्राच्या चिठ्ठीवरची शाई पुसटलेली, दोन ठिकाणी मुलीचं नाव वेगवेगळं, एकीवर औषधाच्या वर नुसतंच ‘अंगदुखी’. तारखेप्रमाणे लावल्या, तेव्हा पावसाळ्यात आणि थंडीत पुन्हापुन्हा उठणाऱ्या कळा एका ओळीत दिसू लागल्या. अशी जुळवलेली फाइल घेऊन डॉक्टरांपुढे बसलं की बोलणं बदलतं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं, हेही घरच्यांना सांगावं लागतं. त्याचबरोबर, नुसता वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावं लागतं. नाहीतर निरोगी मुलींच्याही सोयरिकी अडतात.

दुसरा अडथळा बोलण्याचा. माडिया बोलणाऱ्या घरातला कर्णबधिर तरुण शाळेत गेलेला नसतो, सांकेतिक भाषा शिकलेला नसतो. त्याच्या खुणा त्याच्या घराच्या आणि गावाच्या. कार्यालयात साहेब प्रश्न विचारतात थोरल्या भावाला, भाऊ उत्तर देतो, आणि ज्याचं काम आहे तो दाराशी उभा. आम्ही त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतो, त्याच्या खुणा जाणणारं माणूस शेजारी घेतो आणि विनंती करतो, की प्रश्न याला विचारा. दिव्यांग माणसालाही इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, असं कायदा सांगतो. खातं त्याचं, पैसा त्याचा, तर हो किंवा नाही म्हणण्याचा हक्कही त्याचाच.

मात्र गावाला शिकवायला चाललोय अशा थाटात या भागात जाऊ नये. इथे अधू माणूस सहसा बिनकामाचा ठरत नाही. कुणी गुरं राखतो, कुणी मोहफुलं वाळवताना राखण करतो. याच रीतीला हक्काचं बळ द्यायला हवं. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे इथल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा व्यवहार करतात. ७० पानांचा एक पुडा. ज्याचे पुडे जास्त त्याची मिळकत जास्त. ज्याला जंगलात हिंडता येत नाही त्याच्या वाट्याला काहीच नाही. पण संकलनाच्या जागी पुडे मोजायला, वहीत नोंद ठेवायला माणूस लागतोच. ते काम आणि त्याची मजुरी दिव्यांगांना आधी द्यावी, असा ठराव ग्रामसभेला करता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. त्याचा हिशेब भरसभेत मागता येतो. तो दिव्यांग माणसाने स्वतः मागितला की पुढच्या वर्षी कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

म्हणूनच माझी मागणी साधी आहे. प्रमाणपत्र देताना शरीराची तपासणी जरूर व्हावी. पण लाभ ठरवताना रस्ता, नाला, दवाखान्याचं अंतर आणि भाषा यांची नोंद ग्रामसभेकडून घ्यावी आणि ती फाइलला जोडावी. कायद्याने अडथळे अपंगत्वाच्या व्याख्येतच घेतले आहेत. ते मोजण्याची जबाबदारी शासनाने टाळू नये, आणि मोजले की दूर करण्याचीही.