नीरफणसाचा फुटवा

नीरफणसाला बी नसते, म्हणून रोप करणाऱ्याची सगळी परीक्षा मुळाशी होते. वरवर धावणाऱ्या अंगठ्याएवढ्या मुळाला जखम केली की फुटवा येतो आणि फसगत इथेच होते. दोन-तीन पाने सुटलेला टवटवीत फुटवा आईच्या मुळावर जगत असतो. त्याला स्वतःची तंतुमुळे नसतात. मूळ दोन्हीकडून एकदम तोडले की पाने मान टाकतात. आधी एका बाजूने तोडावे आणि थांबावे. किती, ते दिवस मोजून ठरत नाही. बोटाने माती सारून पांढरी मुळे दिसली, की मगच दुसरा घाव. ब्रिटिश कप्तान ब्लायच्या ‘बाउंटी’ जहाजानेही वेस्ट इंडीजला न्यायच्या या रोपांपायी १७८८-८९ मध्ये ताहितीत सुमारे पाच महिने काढले. पुढे जहाजावर बंड झाले, हजारावर रोपे समुद्रात गेली. वेस्ट इंडीजला झाडे पोचली ती दुसऱ्या सफरीत, १७९३ साली. पण ज्या गुलामांच्या पोटासाठी ती आणली, त्यांना हे फळ सुरुवातीला रुचले नाही. रोप जगले म्हणजे अन्न झाले, असे नसते.

आता हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, तेव्हा हे कबूल करावेसे वाटते: आम्ही रोपवाले जगलेल्या रोपांचा आकडा मिरवत आलो, फळाचे पुढे काय होते ते विचारले नाही. काढलेले फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. कोकणात ते पावसाळ्यात येते, तेव्हा काप वाळवायला ऊन नसते. रेशनचा तांदूळ असताना याची गरजच काय, असे विचारतात. नीरफणस भाताची जागा घेणार नाही. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके सुमारे २७ ग्रॅम आणि प्रथिन जेमतेम एक, तेव्हा डाळीचीही नाही. पण भात शेतात उभा असताना दरवर्षीच्या नांगरणीशिवाय घरचे अन्न देणारी झाडे किती आहेत? सावली सुपारीला मारते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून झाड वाडीच्या कडेला लावावे. राहिला टिकवण्याचा प्रश्न. पॅसिफिक बेटांवर पाने अंथरलेल्या खड्ड्यात हे फळ आंबवून ठेवत आले आहेत. आपल्याकडे फणसाचे गरे मिठात मुरवतातच, मग नीरफणस फक्त रवा लावून तळायच्या कापांपुरता का राहावा? रोप न्यायला याल, तेव्हा घरात मिठाची बरणी कोण भरणार, ते आधी ठरवून या.