जोडतासिका आणि व्यवसाय शिक्षणाचे नेतृत्व

शालेय व्यवसाय शिक्षणाचे नेतृत्व, म्हणजे शाळेत हाताचे कसब शिकवण्यासाठी लागणारा वेळ, साधने आणि माणसे यांची सांगड घालण्याची जबाबदारी, मुख्याध्यापकाच्या भाषणापेक्षा त्याच्या वेळापत्रकात अधिक स्पष्ट दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे ग्रामीण माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतानाचे निरीक्षण आहे. कोठारी आयोगाचा (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे ठेवलेले उद्दिष्ट आणि १९९२ मध्ये २००० पर्यंत वाढवलेली त्याची मुदत, हा इतिहास परिचितच आहे.

संबंधित शाळेत व्यवसाय विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका मिळून सत्तर मिनिटे, राखून ठेवल्या होत्या. सहामाही परीक्षेनंतर दहावीच्या गणिताला जादा वेळ हवा म्हणून त्या फोडण्यात आल्या आणि प्रात्यक्षिकाच्या वाट्याला सुट्या पस्तीस मिनिटांचे तुकडे उरले. हत्यारे मोजून देणे आणि मोजून परत घेणे यातच त्यांपैकी निम्मा वेळ जातो. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानशीने कड घासावी, गुण्या लावून उजेडाकडे धरावा, फट कुठे दिसते ते हेरून पुन्हा घासावे, हे काम घाईत होत नाही, आणि हात बसू लागतो तोच घंटा होते. प्रशिक्षकाची नेमणूक खासगी संस्थेमार्फत झालेली असल्याने त्याला शिक्षकसभेला बोलावण्याची पद्धत नव्हती. हा बदल त्याला सूचनाफलकावरून कळला. वर्षाअखेरीस मुलांच्या प्रात्यक्षिक वह्या अपुऱ्या निघाल्या तेव्हा लेखी खुलासा मात्र त्याच्याकडूनच मागण्यात आला. ज्या सभेत तासिका फोडल्या तिच्या इतिवृत्ताचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता. वेळ काढून घेणारा एक आणि जाब देणारा दुसरा, ही वाटणी कोणालाही वावगी वाटली नाही, याचे नवल आजही ओसरलेले नाही.

मुख्याध्यापकाला सर्वस्वी दोषी धरणेही न्याय्य नव्हे, कारण संस्थाचालक आणि पालक त्याला दहावीच्या निकालानेच जोखतात. तरीही वेगळी मांडणी शक्य असते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक सबंध दिवस हातकामाला दिला जातो आणि मुले गावाच्या उपयोगाची कामे करून देतात. गिऱ्हाईक समोर असल्याने काम अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. एवढे जमले नाही तरी प्रत्येक शाळेने किमान प्रशिक्षकाला सभेत बसवावे आणि वेळापत्रकावर त्याची सही घ्यावी.

प्रशिक्षकाची नेमणूक कायम झाली की प्रश्न सुटेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत बराच काळ होते. परंतु कायम पदांवरचे शिक्षक असूनही कार्यशाळेला कुलूप असलेले एक कनिष्ठ महाविद्यालय जवळच पाहण्यात आल्यावर ते मत डळमळले, जरी कंत्राटी पद्धतीविषयीची चीड त्यामुळे कमी झाली नाही. संबंधित शाळेत पुढील वर्षी जोडतासिका परत मिळाली, तीही शनिवारी सकाळच्या शाळेत, जी वेळ इतर कोणत्याच विषयाला नको होती. परंतु तोवर तो प्रशिक्षक अधिक पगारावर एका गॅरेजमध्ये रुजू झाला होता, आणि नवी नेमणूक होईपर्यंत त्या सत्तर मिनिटांत पुन्हा गणितच घेतले गेले.