कावेरीतले पुणेरी पाहुणे

डिसेंबर उजाडला की चेन्नईतल्या घरांत पोंगलच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. महाबलिपुरम झालेलं असतं, पुदुच्चेरी झालेलं असतं, तिरुपतीचं दर्शन तर ठरलेलंच. अशा वेळी घरात एखाद्याला गळ टाकायचा नाद असला, तर तो हळूच नदीचं नाव काढतो. बाकीचे कपाळाला हात लावतात. दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं, याला काय सुट्टी म्हणायचं?

इंग्लंडात मात्र यालाच सुट्टी म्हणतात. तिथले हौशी लोक कार्प माशासाठी थेट फ्रान्स गाठतात. महिनोन्‌महिने आधी तळं ठरवायचं, काठावर तंबू ठोकायचा, रात्र रात्र जागायचं आणि गळाला लागलेला मासा ओल्या चटईवर ठेवून, वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. खायचा नाहीच! आपल्याकडच्या मासेखाऊ मंडळींना हे ऐकून हसू येईल. पण याच कार्पच्या कुळातला एक अजस्र मासा चेन्नईपासून एका रात्रीच्या प्रवासावर, कावेरीत राहतो. आणि त्याच्यासाठी एके काळी हेच इंग्रज उलट दिशेनं इकडे येत होते.

हा मासा म्हणजे महाशीर. मद्रास सरकारच्या नोकरीत असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्यानं १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि महाशीरची कीर्ती साहेबाच्या देशात पोहोचवली. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५४ किलोंचा महाशीर गळानं काढला. कबिनी ही कावेरीचीच उपनदी. पुढे हा मासा संपल्यातच जमा आहे असं लोक धरून चालले होते. १९७८च्या सुमारास तीन इंग्रज तरुण जगभर गळ टाकत फिरत इथं आले आणि त्यांना तो पुन्हा सापडला. मग भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे या कावेरीकाठच्या ठिकाणी मुक्कामाचे तळ उभे राहिले. जानेवारी ते मार्च हा त्यांचा हंगाम, कारण तेव्हा पाणी उतरतं आणि निवळतं. आमिष कसलं, तर नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा! पूर्वी चोरून मासे मारणारे गावातले काही जण या पाहुण्यांचे वाटाडे झाले. जिवंत मासा मेलेल्यापेक्षा जास्त पैसे मिळवून देतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

इथवरची गोष्ट गोड आहे. पुढच्या भागाचा संबंध मात्र थेट पुण्याशी येतो.

कावेरीतला मूळचा महाशीर पाठीला कुबड असलेला, नारिंगी शेपटीचा. पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर वेगळा, त्याचे पर निळसर असतात. कर्नल साइक्स या इंग्रज अभ्यासकानं १८३९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नावासाठी त्यानं ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच बोलीतून उचलला. धरणांमुळे हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं या कामातलं नाव मोठं आहे. नर-मादीपासून अंडी मिळवून लाखांनी पिल्लं वाढवण्याची रीत त्यांनी बसवली. महाशीर वाचवायचा म्हणून ही बोटाएवढी पिल्लं इतर राज्यांनाही देण्यात आली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती कावेरीतही सोडली गेली. हेतूत खोट नव्हती. महाशीर तो महाशीर, असंच तेव्हा सगळे समजत होते.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी माणसं कावेरीकाठी तंजावरला गेली, तिथलीच झाली आणि त्यांच्यातल्या अनेकांचे वंशज आज चेन्नईत आहेत. त्यांनी कुणाला हुसकलं नाही. माशांचं तसं झालं नाही.

हे कळलं कसं, तर त्या गळवाल्यांच्याच वह्यांतून. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात सापडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवलेली होती. २३,६२० तासांची गळटाकणी आणि ६,१६१ महाशीर. मासा पाण्यात परत गेला, पण त्याचं वजन वहीत राहिलं. अभ्यासकांनी या वह्या २०१५ साली ताळ्यात मांडल्या. निळ्या पराचे मासे वर्षागणिक वाढत गेले होते. कुबडवाले कमी कमी होत गेले, पण जे सापडत ते मात्र आकारानं मोठे. याचा अर्थ सरळ होता. म्हातारे उरले होते, घरात नवं पोर जन्माला येत नव्हतं. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणं आहेतच, पण मुख्य संशय लोणावळ्याच्या पाहुण्यांवर आहे.

नवल म्हणजे या कुबडवाल्याला तोवर नीटसं शास्त्रीय नावही नव्हतं. केरळातल्या पांबार नदीतल्या माशाला दिलेलं ‘टॉर रेमादेवी’ हे नाव याचंच, हे २०१८ साली ठरलं. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. नीलगिरीच्या पायथ्याची मोयार नदी हा त्याच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक.

दरम्यान कावेरी अभयारण्यात गळ टाकण्यावर २०१२च्या आसपास बंदी आली. कायद्याच्या नजरेत अभयारण्यातला मासा आणि हरीण सारखेच. ते बरोबरही आहे. पण गळवाले गेले, तशा त्या वह्याही बंद झाल्या. आता नदीत कुबडवाले किती आहेत, हे मोजणार कोण?

तेव्हा बेत आखायचा तो गळ घरी ठेवूनच. चेन्नईहून सकाळच्या शताब्दीनं किंवा वंदे भारतनं बंगळुरू गाठावं. तिथून कनकपुरा रस्त्यानं भीमेश्वरी सुमारे शंभर किलोमीटर. नदीकाठच्या सरकारी तळावर राहण्याची सोय आहे, मात्र पोंगलच्या गर्दीसाठी आरक्षण आधीच केलेलं बरं. पाणमांजरं आणि मगरी दिसतात, त्यामुळे मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. तमिळनाडूतच राहायचं असेल, तर धर्मपुरीमार्गे होगेनक्कल. कन्नडमध्ये याचा अर्थ धुरकट खडक. धबधब्याचे तुषार पाहिले की नाव पटतं. इथं परिसल नावाच्या गोल टोपलीवजा होडीतून फिरवतात. नदीला पूर असला की या होड्या बंद असतात, म्हणून पावसाळ्यात चौकशी केल्याशिवाय निघू नये. काठावर विकत घेतलेला मासा तिथल्या बायका मसाला लावून तळून देतात. मासा न खाणाऱ्यांनी हासन जिल्ह्यातल्या रामनाथपुराची वाट धरावी. तिथल्या देवळापाशी कावेरीतले मासे देवाचे मानले जातात, त्यांना कुणी हात लावत नाही.

चेन्नईकरांना ही नदी परकी वाटायचं कारण नाही. वीराणम तलावातून २००४ पासून कावेरीचंच पाणी शहराच्या नळांना येतं.

जाताना एक दुर्बीण मात्र न्यावी. खडकाआड, संथ पाण्यात मोठा मासा वळताना शेपटीकडे बघावं. निळसर दिसली तर तो पुण्याकडचा. नारिंगी दिसली तर जागा, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी आणि वनखात्याच्या माणसाला सांगावी.