दोन्हीकडची नावं

आमच्या नगरच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना ठरलेल्या वाटेनं जाते. आजारी माणसं, दहावी-बारावीची मुलं, नोकरीच्या शोधात असलेले, लांबलेला पाऊस, देशाचे अधिकारी. कुठे दंगल उसळलेली असली, जाळपोळ झालेली असली, की शेवटी एक वाक्य वाढतं: तिथे शांती नांदू दे. मंडळी आमेन म्हणते आणि दानार्पणाचं गीत सुरू होतं.

या एका वाक्यानं माझं समाधान होत नाही. आजारी माणसाचं आपण नाव घेतो, तो कुठल्या दवाखान्यात आहे तेही सांगतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. जिथे हजारो घरांची राख झाली, तिथल्या एका गावाचं नावसुद्धा आपल्या ओठांवर येत नाही. प्रार्थना खोटी नसते ती, पण तिच्यात माणूस नसतो.

३ मे २०२३ रोजी मणिपूर पेटलं. मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याच्या मागणीविरुद्ध डोंगराळ जिल्ह्यांत मोर्चे निघाले, आणि चुराचांदपूरच्या सीमेवर पहिली ठिणगी पडली. जमिनीचे, जंगलाचे, सीमेपलीकडून येणाऱ्यांचे वाद आधीपासून साचलेले होतेच. पुढे मैतेई आणि कुकी यांच्यातल्या हिंसाचारात अडीचशेहून अधिक माणसं मेली, सुमारे ६०,००० माणसं घरादाराला मुकली. आमच्याकडे पोहोचली ती मुख्यतः चर्चेस जळाल्याची बातमी, आणि आमची प्रार्थना ‘आपल्या’ लोकांसाठी सुरू झाली. डोंगरातले कुकी बहुतेक ख्रिस्ती, खोऱ्यातले मैतेई बहुतेक हिंदू. कोणाच्या बाजूनं देवाकडे मागायचं ते जणू ठरूनच गेलं.

प्रत्यक्षात ते इतकं सरळ नव्हतं. इंफाळच्या खोऱ्यात मैतेई ख्रिस्ती लोकांचीही चर्चेस पाडली, जाळली गेली. इंफाळचे तेव्हाचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी त्यांचा आकडा २४९ सांगितला. डोंगरात मैतेईंची देवळंही सुटली नाहीत. त्याही आधी, १९९० च्या दशकात, याच भूमीत नागा आणि कुकी एकमेकांची गावं जाळत होते, तेव्हा दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या. रविवारी दोन्हीकडे तेच पवित्र शास्त्र उघडलं जात होतं आणि दोन्हीकडे त्याच प्रभूचा धावा होत होता. आपल्याच लोकांसाठी प्रार्थना करायची म्हटलं, तर त्या वर्षांत आपण कोणाची बाजू घेतली असती?

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या प्रार्थनासभेत एक आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कुकी आयांसाठी मागितलं, मैतेई आयांसाठी मागितलं. मग म्हणाल्या, प्रभू, ज्यानं काडी लावली त्यालाही धर. सभेत चुळबूळ झाली. बाहेर चपला घालताना एका तरुणानं विचारलंच, “आजी, जाळणाऱ्यासाठी कशाला मागता?” आजी म्हणाल्या, “ज्याचं जळलं तो रडतोच आहे रे बाळा देवापाशी. ज्यानं जाळलं त्याच्यासाठी कोण मागणार?”

घरी येऊन मी उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढला. सदोमावर नाश येणार हे कळल्यावर अब्राहाम देवासमोर उभा राहतो आणि घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत तो दहापर्यंत उतरतो. त्याचा पुतण्या लोट त्याच नगरात राहत होता, पण या सगळ्या बोलण्यात अब्राहाम लोटाचं नाव एकदाही काढत नाही. तो मागतो ते अख्ख्या नगरासाठी, तिथल्या दुष्टांसकट. इतकी वर्षं हा अध्याय वाचत असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. यिर्मया तर पाडाव होऊन बाबेलला गेलेल्यांना लिहितो, की ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेलं, त्याच्याच हितासाठी प्रार्थना करा. ज्यांची घरं बाबेलच्या लोकांनी उद्ध्वस्त केली होती, त्यांना हे पत्र मिळालं होतं. ते वाचताना त्यांच्या हातांचं काय झालं असेल!

प्रार्थनेनं काय होतं, हा प्रश्न मला मुलं विचारतात. मी त्यांना लाइपझिगची गोष्ट सांगते. पूर्व जर्मनीतल्या त्या शहरात सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. कधी कधी मूठभर माणसं असत. पाळक क्रिस्टियान फ्यूरर यांनी दार सर्वांसाठी उघडं ठेवलं होतं. १९८९ च्या सप्टेंबरात धरपकड सुरू झाली, तेव्हा अटक झालेल्यांची नावं घेऊन प्रार्थना होऊ लागली; चर्चच्या खिडकीपाशी लोक फुलं आणि मेणबत्त्या ठेवू लागले. ९ ऑक्टोबरला गोळीबार होणार अशी शहराची खात्री झाली होती. त्या दुपारी सत्ताधारी पक्षानं आपली शेकडो माणसं चर्चमध्ये पाठवून बाकं अडवली. फ्यूरर यांनी त्यांना हाकललं नाही, त्यांचं स्वागत केलं. त्या माणसांना तिथे बसून प्रार्थना ऐकावी लागली. बाहेर सुमारे ७०,००० लोक हातात मेणबत्त्या घेऊन चालले. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात तिच्याभोवती धरावा लागतो, मग दगड उचलायला हात उरत नाही, असं फ्यूरर सांगत. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

प्रार्थनेनं भिंत पाडली असं मी मुलांना सांगत नाही. मॉस्कोतली बदललेली हवा, कोसळती अर्थव्यवस्था, देश सोडून निघालेली माणसं, हे सगळं त्यात होतं. पण सात वर्षं सोमवारी जमत राहिलेली माणसं तिथे नसती, तर त्या रात्री गर्दीचे हात कशात गुंतले असते? मणिपुरात अशी रात्र अजून आलेली नाही. म्हणून मागणं थांबवायचं, हे मला मान्य नाही.

काडी लावणाऱ्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे त्याला न्यायालयातून सोडवायचं, असंही नाही. गुन्हा नोंदला गेला पाहिजे, खटला चालला पाहिजे, मदत छावणीतल्या माणसाला त्याचं घर परत मिळालं पाहिजे, हेही देवाजवळ मोठ्यानं मागायचं आहे. स्तोत्रकर्ते न्याय मागताना कधी लाजले नाहीत.

मंडळीत मध्यस्थी करणाऱ्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. शनिवारी रात्री थोडा वेळ वर्तमानपत्र घेऊन बसा. चुराचांदपूर, कांगपोकपी, बिष्णुपूर, मोरे ही नावं जिभेवर बसेपर्यंत वाचा. छावणीत राहणाऱ्या बाईसाठी काय मागायचं आणि बंदूक घेऊन पहाऱ्याला बसलेल्या पोरासाठी काय मागायचं, ते दोन्ही कागदावर लिहा, दोन्हीकडच्या बाईसाठी आणि दोन्हीकडच्या पोरासाठी. आणि रविवारी त्यातलं काही न गाळता वाचा.