वेचून ठेवणारा माणूस

तेरला येणारी बहुतेक माणसं संत गोरोबाकाकांचं दर्शन घेतात आणि परततात. मी मात्र आज बराच वेळ रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहालयात रेंगाळलो. तिथून निघाल्यापासून तेच डोक्यात आहेत.

‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं ‘तगर’ ते हेच गाव. तेरणेकाठच्या पांढरीत सातवाहनकाळचं गाव गाडलेलं. पाऊस झाला की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. लोकांच्या लेखी ती खापरं. लामतुरे यांनी ती जन्मभर जमवली. प्रपंच सांभाळून, बरं का! घरातल्यांनी या पसाऱ्याला काय काय म्हटलं असेल, याची मी नुसती कल्पना करतो. पण या संग्रहात आपल्याला भुरळ पडते ती एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघालेली मूर्ती अशीच, जणू हिची बहीण. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. म्हणजे इथला रोमशी व्यापार केवढा जुना!

लामतुरे यांनी जमवलेलं हे सगळं विकलं असतं तर पैसा मिळाला असता. ते विकलं गेलं नाही. संग्रह शासनाकडे आला, गावातच राहिला. समाजसेवेच्या आपल्या याद्यांत असं काम सहसा बसत नाही. मला ते देऊळ बांधण्याइतकंच मोठं वाटतं.

गोरोबाकाकांच्या दर्शनाला याल तेव्हा तासभर हाताशी ठेवा आणि लामतुरे यांच्याकडेही जाऊन या.