मक्याच्या मुलखांतील आठ रात्री

अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत सीडर रॅपिड्स नांवाचें एक मध्यम वस्तीचें शहर आहे. सीडर नदी त्याच्या मधून वाहते. आणि शहराबाहेर पाऊल टाकलें कीं क्षितिजापर्यंत मका, मध्येंच सोयाबीन, आणि पुन्हा मका. चिरंजीव नोकरीनिमित्त तेथें असल्यानें आम्ही उभयतां २०२० च्या फेब्रुवारींत गेलों. मार्चमध्यें विमानें बंद झालीं आणि तीन महिन्यांचा मुक्काम लांबत चालला.

त्या वर्षीं १० ऑगस्टला श्रावणी सोमवार होता. सौभाग्यवती पूजा आटोपून उठते न उठते तोंच आकाश काळवंडलें आणि वारा सुटला. पाऊण तास घर थरथरत होतें. त्या वाऱ्याचा वेग कांहीं ठिकाणीं ताशीं १४० मैलांपर्यंत गेला असावा, असें शास्त्रज्ञांनीं पुढें ठरविलें. सरळ रेषेंत धांवणाऱ्या या वादळास तिकडे ‘डेरेचो’ म्हणतात. शहराची निम्म्याहून अधिक वृक्षसंपत्ति त्या दुपारीं गेली; उभा मका चटई अंथरावी तसा आडवा झाला. वीज गेली ती आमच्या घरीं आठ दिवस आली नाहीं.

अंधाराची मला क्षिति नव्हती. माझें बाळपण कंदिलाच्या उजेडांतच गेलें. चिंता निराळी होती. सौभाग्यवतीस मधुमेहासाठीं इन्सुलिन घ्यावें लागतें. वापरांतील कुपी महिनाभर बाहेर राहूं शकते. परंतु परतीचा नेम नसल्यानें जमविलेला सारा सांठा फ्रिजमध्यें होता. चिरंजीवांकडे जनरेटर नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना पेट्रोल मिळेना, कारण पंपही विजेवरच चालतात! आणि हें त्या संस्थानांत, जेथें मक्यापासून मद्यार्क काढून मोटारींना पुरविणारे देशांतील सर्वांत अधिक कारखाने आहेत.

मंगळवारीं सकाळीं रस्त्यापलीकडील एक सत्तरीचे शेतकरी गृहस्थ लहानसा जनरेटर आणि एक डबा घेऊन आले. घराच्या खिडक्यांपासून दूर, अंगणाच्या टोंकाला त्यांनीं तो मांडला. धुरांतील विषारी वायु घरांत शिरून माणसें निजलेलींच राहतात, हें त्यांनीं दोनदां बजावलें. सकाळीं दोन तास व सायंकाळीं दोन तास फ्रिज चालूं लागला. डब्यांतील द्रव त्यांनीं स्वतः काढलेला मद्यार्क आहे, हें चिरंजीवांनीं जेवतांना सांगितलें, आणि सौभाग्यवतीचा घांस हातींच राहिला.

“अहो, म्हणजे हा फ्रिज दारूवर चालतो आहे? आणि उद्यांच्या काल्याचें दहीं त्यांतच आहे!”

त्या दिवशीं जन्माष्टमी होती. मीं नुसतें हंसून वेळ मारून नेली. खरें उत्तर मला त्यांच्या गोठ्यामागील उघड्या पडवींत मिळालें. २००८ च्या महापुरांत सारें शहर अडलें, तेव्हांपासून या गृहस्थांनीं ही तयारी ठेविली होती. मका दळून शिजवावयाचा, पिष्टाची साखर करावयाची, किण्व घालून तीन-चार दिवस आंबवावयाचा. मग तें आंबोण भांड्यांत तापवावयाचें. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० वर. एवढ्या अंतरावर सारी विद्या उभी. भांड्यावर पुरुषभर उंचीची तांब्याची नळी, तींत तांब्याचा कीस, वर उष्णतामापक, पुढें थंड पाण्यांतील वेटोळें. मला रसरत्नसमुच्चयांतील तिर्यक्‌पातन यंत्र आठवलें: एका घटाखालीं अग्नि, दुसरा शीत जलांत, मध्यें तिरपी नलिका. मीं तें मातींत काढून दाखविलें, तेव्हां ते “हेंच!” म्हणून मांडीवर थाप मारून हंसले.

या मार्गानें शेंकडा पंचाण्णव-शहाण्णवच्या पलीकडे शुद्धि जात नाहीं. पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता यांत असते, म्हणून तो दीडपट जळतो आणि यंत्राच्या इंधन-नळीचें छिद्रही मोठें करावें लागतें. जाळलेलीं लांकडें व गेलेला मका जमेस धरला तर हा व्यवहार स्वस्त नाहीं, असें मला वाटलें, आणि त्यांनींही तें नाकारलें नाहीं. वाफ पेटली तर पडवी जाईल, म्हणून ती घरापासून लांब.

भिंतीवर केंद्र सरकारचा परवाना लाविलेला होता. त्यावांचून तिकडेही हा गुन्हाच आहे. आपल्याकडे तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं घरीं असें यंत्र मांडतांच येत नाहीं, तेव्हां वाचकांनीं हें वर्णन वाचण्यापुरतेंच ठेवावें. परवान्याची एक अट अशी, कीं शंभर गॅलन मद्यार्कांत निदान दोन गॅलन पेट्रोल किंवा तत्सम कांहीं मिसळून तो पिण्यास निरुपयोगी करावा.

घरीं येऊन हें सांगितलें. सौभाग्यवती क्षणभर थांबली. “म्हणजे ती दारू राहिलीच नाहीं,” ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशीं काल्याची पहिली वाटी रस्त्यापलीकडे गेली.

नवव्या दिवशीं वीज आली. एकही कुपी वायां गेली नव्हती. जनरेटर परत करण्यास मी गेलों तेव्हां त्यांनीं मोबदला घेतला नाहीं. मात्र जुनी वही काढली, कारण थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि चष्मा पुसून तारखेपुढें लिहिलें: शेजाऱ्यांस, नऊ गॅलन.